सर्व्हो मोटर आपली जागा कशी धरून ठेवते: पताका धरलेल्या वारकऱ्यापासून सुरुवात

गेल्या वर्षी आमच्या घरच्या गणपतीपुढे वारीचा देखावा केला होता. पुठ्ठ्याचे अकरा वारकरी, मागे रंगवलेला दिवेघाट आणि सगळ्यांत पुढच्या वारकऱ्याच्या हातात भगवी पताका. ही पताका मिनिटातून एकदा खाली यायची, पुन्हा वर जायची आणि वरच थांबायची. हात हलवायला आत नऊ ग्रॅमची छोटी सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन तिथेच थांबणारी मोटर, बसवली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती चालू असतानाच आतून कर्रर्र आवाज आला, हात खाली पडला आणि मग नुसता थरथरत राहिला. आरती झाल्यावर मोटर काढली तर ती चांगलीच तापली होती. उघडून बघितली, तर मधल्या एका पांढऱ्या गिअरचे दोन दात गेले होते.

सातवीतली भाची शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मामा, पताका जास्त वेळ तर नुसती वर धरलेलीच होती. हलतच नव्हती. मग मोटर एवढी तापली कशाने?"

नवीन माणसाने सर्व्होबद्दल पहिल्यांदा विचारायला हवा तो हाच प्रश्न. पीएमपीच्या बसमध्ये दांडी न धरता उभा राहिलेला माणूस आठवा. लांबून बघणाऱ्याला तो स्थिर दिसतो, पण त्याच्या पोटऱ्या एक क्षणही स्वस्थ नसतात. बस डावीकडे कलली की तो उजवीकडे, ब्रेक लागला की मागे. सर्व्होही अशीच जागेवर उभी असते. ती कुठे कुलूपबंद झालेली नसते. ढळली की सावरते, पुन्हा ढळली की पुन्हा सावरते, सेकंदाला पन्नास वेळा. हे सावरणं कसं चालतं, ते हाताला कसं जाणवतं आणि ते मोटरच्या जिवावर येऊ नये म्हणून काय करायचं, ते इथे क्रमाने सांगतो. सगळे प्रयोग जेवणाच्या टेबलावर होण्यासारखे आहेत.

खरेदी

पुण्यात असाल तर बुधवार पेठ गाठा. पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. "नऊ ग्रॅमची सर्व्हो द्या" म्हटलं की निळ्या, अर्धवट पारदर्शक खोक्यातली एसजी ९० पुढ्यात येते. दोन घ्या. एक वापरायला, एक उघडून बघायला. दुसरीला वाया गेलेला खर्च समजू नका, खरं शिक्षण तिच्यातूनच होणार आहे.

सोबत आर्डुइनो ऊनो (आपला प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचून जोडायची भोकांची पाटी), जंपर वायरी, ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर आणि साधा मल्टिमीटर लागेल.

दुकानातून निघण्याआधी एक गोष्ट जरूर तपासा. दिसायला हुबेहूब अशाच मोटरींचे दोन प्रकार मिळतात. एक साधारण १८० अंशांत फिरणारी, दुसरी ३६० म्हणून विकली जाणारी, गोल गोल फिरत राहणारी. ३६० म्हणजे जास्त चांगली असेल असं वाटून पुष्कळ जण ती घेतात आणि घरी येऊन अडकतात. त्या प्रकारात शाफ्टचा, म्हणजे बाहेर येणाऱ्या फिरत्या दांडीचा, कोन मोजण्याची सोयच काढून टाकलेली असते. तिला हुकूम दिला की ती वेग पकडते, जागा नाही. ओळख सोपी आहे. शाफ्टवर हॉर्न, म्हणजे ती छोटी पांढरी पट्टी, बसवा आणि अगदी हलक्या हाताने, सावकाश फिरवा. एका ठिकाणी जाऊन टक्कन अडली तर ती आपल्या कामाची. जोर लावून फिरवू नका, प्लास्टिकचे दात लगेच जातात.

आत काय असतं

उघडायच्या मोटरीला तळाशी चार लांब बारीक स्क्रू असतात. टेबलावर पांढरा कागद अंथरा, स्क्रू काढा आणि वरचं झाकण सरळ वर उचला. गिअर एकावर एक रचलेले दिसतील, त्यांना पातळ ग्रीस लागलेलं असेल. हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. एकदा ते कागदावर सांडले की कोण कुठे होतं ते आठवत नाही.

तळाकडे खेळण्यातल्या गाडीत असते तशी साधी डीसी मोटर आहे. तिला फक्त दोन वायरी. ती जोरात फिरते पण तिच्यात ताकद नाही. गिअरची रांग तिचा वेग कमी करते आणि त्या बदल्यात ताकद वाढवते. आता सगळ्यांत शेवटच्या गिअरखाली बघा, ज्याच्यावर हॉर्न बसतो त्याच्याखाली. तिथे एक बारीक गोल भाग आहे, त्याला तीन वायरी जोडलेल्या आहेत. हा पोटेन्शिओमीटर, बोलीभाषेत पॉट. रेडिओच्या आवाजाचा खटका फिरवतो तीच ही वस्तू. शेवटचा गिअर याच्या दांडीवरच बसलेला असतो, त्यामुळे हॉर्न जेवढा फिरेल तेवढाच पॉट फिरतो. सर्व्होचा डोळा तो हाच. मोटर किती फिरली याच्याशी सर्व्होला काही देणंघेणं नाही, शेवटचा शाफ्ट कुठे आहे एवढंच ती बघते.

त्याच गिअरवर एक उंचवटा दिसेल. शाफ्ट टोकाला गेला की तो खोक्याच्या कडेला टेकतो. मघाशी टक्कन लागलं ते हेच.

राहता राहिली नखाएवढी हिरवी पट्टी आणि तिच्यावरची चिप. बाहेरून आलेला हुकूम आणि पॉटने दाखवलेली जागा यांची तुलना करून मोटरला डावीकडे की उजवीकडे ढकलायचं ते ही चिप ठरवते.

हुकूम कसला असतो

बाहेर तीन वायरी येतात. तपकिरी म्हणजे ग्राउंड, लाल म्हणजे प्लस, नारिंगी म्हणजे सिग्नल. काही कंपन्यांच्या मोटरींत ग्राउंड काळी आणि सिग्नल पांढरी किंवा पिवळी असते. लाल बहुतेक मधेच असते.

सिग्नलच्या वायरीतून दर २० मिलिसेकंदांनी एक छोटी पल्स जाते. पल्स म्हणजे थोडा वेळ व्होल्टेज वर जाऊन पुन्हा खाली येणं. ते किती वेळ वर राहिलं यात सगळा अर्थ आहे. १.५ मिलिसेकंद म्हणजे मधोमध. १ मिलिसेकंद म्हणजे एका बाजूला, २ मिलिसेकंद म्हणजे दुसऱ्या. पूर्ण १८० अंश मिळवायला बऱ्याच छोट्या मोटरींना ०.५ पासून २.४ मिलिसेकंदांपर्यंत जावं लागतं. ढोबळ हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: १० मायक्रोसेकंद म्हणजे जवळपास एक अंश.

पुढचा भाग बरेच जण वगळतात, पण सगळी गंमत इथेच आहे. साध्या अॅनालॉग सर्व्होतली चिप कोन कधी मोजतच नाही. तिला अंश ठाऊकच नाहीत. बाहेरून पल्स सुरू झाली की त्याच क्षणी चिप आपली स्वतःची एक पल्स सुरू करते. या आतल्या पल्सची लांबी पॉट ठरवतो. शाफ्ट मधोमध असेल तर आतली पल्सही १.५ मिलिसेकंदांची होते, थोडा एका बाजूला असेल तर १.४ ची. मग चिप बघते, दोघांपैकी आधी कोण संपलं. आतली आधी संपली तर मोटरला एका दिशेने ढकल, बाहेरची आधी संपली तर उलट दिशेने. दोन्ही एकदमच संपल्या तर स्वस्थ बस.

किती ढकलायचं हेही त्या फरकावरच ठरतं. पण ०.१ मिलिसेकंदाचा धक्का २० मिलिसेकंदांतून एकदा दिला तर मोटर जागची हलणारही नाही. म्हणून चिप तो फरक कित्येक पटींनी ताणते आणि तेवढा वेळ मोटरला करंट देते. फरक मोठा असेल तर मोटर जवळजवळ सलग चालते. जागा जवळ आली की धक्के छोटे होत जातात. म्हणूनच सर्व्हो वेगाने जाते पण पोचताना मवाळ होते, बहुतेक वेळा पुढे निसटत नाही.

फरक अगदीच किरकोळ असेल तर चिप मुद्दाम दुर्लक्ष करते. एसजी ९० मध्ये ही सूट १० मायक्रोसेकंदांची, म्हणजे सुमारे एक अंश. ही सूट नसती तर मोटर एका जागी उभी राहून कायम इकडेतिकडे चुळबुळत राहिली असती.

यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, पल्सची लांबी महत्त्वाची, दोन पल्समधलं अंतर थोडं कमीजास्त झालं तरी कोन बदलत नाही. दुसरी, आर्डुइनोच्या साध्या ॲनालॉगराइट या आज्ञेने सर्व्हो चालवायला जाऊ नका. ऊनोवर त्या पल्स सेकंदाला ४९० किंवा ९८० वेळा येतात, आणि दोन पल्समध्ये दोन मिलिसेकंदांहून जास्त जागाच उरत नाही. सर्व्होसाठी आर्डुइनोची सर्व्हो नावाचीच लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, आहे, ती वापरा. तिने ऊनोचा एक टायमर अडवला जातो, त्यामुळे ९ आणि १० नंबरच्या पिनांवर ॲनालॉगराइट चालेनासं होतं. एलईडी मंद करायला त्या पिना ठेवल्या असतील तर दुसरीकडे हलवा.

जोडणी

सर्व्होला करंट आर्डुइनोतून देऊ नका. एक छोटी मोटर, हॉर्न मोकळा, लॅपटॉपचा यूएसबी, एवढ्यात चालून जाईल. पण शाफ्ट अडला की हीच चिमुकली मोटर अर्धा अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढते, आणि ऊनोच्या यूएसबीवरचा फ्यूज अर्ध्या अँपिअरचाच असतो. व्होल्टेज बसतं, बोर्ड रीसेट होतो, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, मोटर पुन्हा झटका देते, पुन्हा रीसेट. नव्या माणसाला वाटतं प्रोग्रॅम चुकला.

म्हणून अडॅप्टरचे ५ व्होल्ट ब्रेडबोर्डच्या कडेच्या पट्ट्यांवर घ्या. सर्व्होची लाल वायर तिथल्या प्लसला, तपकिरी मायनसला. नारिंगी वायर आर्डुइनोच्या ९ नंबरच्या पिनेला. आणि आर्डुइनोच्या ग्राउंडपासून ब्रेडबोर्डच्या मायनसपर्यंत एक जंपर. हा शेवटचा जंपर विसरलात तर सर्व्होला सिग्नल कशाच्या तुलनेत वर आहे तेच कळत नाही आणि ती वेड्यासारखी आचके देते. माझ्याकडे "मोटर खराब आहे" म्हणून आलेल्या तक्रारींत सगळ्यांत जास्त वेळा हाच जंपर नव्हता.

कपॅसिटर मोटरच्या जवळ, प्लस आणि मायनसच्या मधे लावा. ज्या बाजूला पांढरा पट्टा आहे तो पाय मायनसला. उलटा लावला तर फुटतो, तेव्हा दोनदा बघा.

अडॅप्टर नसेल तर पेन्सिल सेल चार. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी नको, ती एवढा करंट देऊच शकत नाही, आणि वर तिचं व्होल्टेजही जास्त. लिथियमचे दोन सेल ओळीने जोडले तर भरल्यावर ८.४ व्होल्ट होतात, त्यात ही मोटर जळते.

हाताने बघा

पहिला प्रयोग: करंट द्या, पण सिग्नलची वायर काढून ठेवा. हॉर्न बोटाने हलवा. गिअरचा खरखरीतपणा लागेल, बाकी काही नाही. मोटरला वीज मिळते आहे, पण हुकूम नाही, म्हणून ती काहीच धरत नाही.

दुसरा: सिग्नल जोडा आणि प्रोग्रॅममध्ये लायब्ररीतली राइटमायक्रोसेकंड्स ही आज्ञा वापरून १५०० द्या. अंशांऐवजी मायक्रोसेकंदांत सांगायची सवय पहिल्यापासून लावून घ्या, नेमकं काय चाललंय ते कळतं. हॉर्न मधे येऊन थांबेल. आता बोटाने त्याला हळूच एका बाजूला रेटा. सुरुवातीला किंचित ढिलाई लागेल, ती मघाची सूट. मग मोटर उलटी रेटायला लागेल, आणि जितकं जास्त ढळवाल तितका जोर वाढत जाईल. कान लावा. बारीक घर्रर्र ऐकू येते. सेकंदाला पन्नास वेळा पल्स येते आणि प्रत्येक पल्सनंतर मोटरला एक धक्का मिळतो, त्या धक्क्यांचाच हा आवाज. बोट काढलंत की आवाज थांबतो.

हे करताना लाल वायरीच्या मधे मल्टिमीटर टाका, अँपिअरच्या मोठ्या खाचेत. हॉर्न मोकळा असताना आकडा अगदी थोडे मिलिअँपिअर दाखवतो. बोटाने रेटलं की चढतो, जास्त रेटलं की जास्त चढतो. शाफ्ट जागचा हलत नसताना करंट शेकड्यांत जातो. फिरणाऱ्या मोटरीत हा करंट फिरवण्यात खर्च होतो, अडलेल्या मोटरीत त्याची नुसती उष्णता होते. माझ्या वारकऱ्याची मोटर तापली ती अशी. भाचीला हा आकडा चढताना दाखवला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त बोट पुन्हा पुन्हा टेकवून बघत राहिली.

तिसरा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. हॉर्नवर आइस्क्रीमची काडी चिकटवा, अशी की शाफ्टच्या मध्यापासून टोकापर्यंत ८ सेंटिमीटर होतील. मोटर आडवी पक्की करा, काडी जमिनीला समांतर येऊ द्या. मागे कागद लावून टोकाच्या जागी पेन्सिलीने खूण करा. आता टोकाला दोऱ्याने ५० ग्रॅमचे नटबोल्ट टांगा. काडी मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली येते आणि तिथेच थांबते. पूर्ण वर जात नाही. वजन काढलं की पुन्हा वर.

का? कारण फरक असल्याशिवाय चिप जोर लावतच नाही. वजन पेलायला जोर हवा, जोर हवा तर फरक हवा, म्हणून सर्व्हो मागितलेल्या जागेपासून थोडी ढळूनच उभी राहते. जितकं ओझं तितकं ढळणं. ही मोटरची खोट नाही, तिच्या धरून ठेवण्याची पद्धतच ही आहे. नेमका कोन हवा असेल तर ओझं कमी करा, किंवा ओझ्यासकट खूण जुळेपर्यंत पल्स दहा-वीस मायक्रोसेकंदांनी वाढवा.

चौथा: वजन टांगलेलं असतानाच सिग्नलची वायर काढा. काही मोटरींत काडी खाली सरकते, काहींत गिअरच्या घर्षणाने अडून राहते, पण बोट टेकवलं की विरोध गेलेला लगेच कळतो. प्रोग्रॅममधून डिटॅच, म्हणजे सिग्नल बंद करायची आज्ञा, दिली तरी हेच होतं. महागड्या डिजिटल सर्व्होंपैकी बऱ्याच मात्र सिग्नल गेल्यावरही शेवटची जागा धरून राहतात. त्यांच्यात छोटा प्रोसेसर असतो आणि तो मोटरला सेकंदाला तीनशे किंवा त्याहून जास्त वेळा सावरतो. त्यामुळे त्यांची पकड घट्ट लागते, आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतला येतो, आणि करंटही जास्त जातो. घरच्या देखाव्याला त्यांची गरज नाही असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. सर्व्होला आपली जागा कळते, आर्डुइनोला ती कळत नाही. लायब्ररीतली रीड ही आज्ञा तुम्ही शेवटी काय सांगितलं होतं तेच परत सांगते. कोणी हात धरून ठेवला असेल, गिअर तुटला असेल, तरी आर्डुइनोच्या दृष्टीने सगळं आलबेल.

हॉर्न बसवणं आणि हद्दी शोधणं

खेळणं जोडण्याआधी मोटर १५०० वर न्या आणि मगच हॉर्न हवा त्या दिशेला बसवा. शाफ्टला दाते असल्याने तो अगदी हव्या कोनात बसत नाही, उरलेला फरक प्रोग्रॅममधून काढा.

मग हद्दी शोधा. १५०० पासून ५० च्या टप्प्यांनी खाली या. प्रत्येक टप्प्यावर थांबून ऐका. जिथे मोटर पोचली तरी घर्रर्र थांबत नाही, तिथे आतला उंचवटा खोक्याला टेकला आहे आणि मोटर भिंतीला ढकलते आहे. तिथून १०० मागे या, ही तुमची खालची हद्द. वरच्या बाजूला असंच. दोन्ही आकडे मोटरवर चिठ्ठी लावून लिहा, कारण एकाच दुकानातल्या दोन मोटरींचे आकडेही जुळत नाहीत.

वेगाचं काय? सर्व्होला फक्त मुक्काम कळतो, चाल कळत नाही. सांगितलेल्या जागी ती जमेल तितक्या जोरात जाते. पताका संथ वर जायला हवी असेल तर दर २० मिलिसेकंदांना दहा-दहा मायक्रोसेकंद पुढे सरकवा. त्याहून घाईने सांगण्यात अर्थ नाही, पल्सच २० मिलिसेकंदांनी एकदा जाते.

ओझ्याचा हिशेब

एसजी ९० च्या कागदावर ताकद १.८ किलो-सेंटिमीटर लिहिलेली असते, ४.८ व्होल्टवर. अर्थ असा की शाफ्टपासून एक सेंटिमीटरवर १.८ किलो, दहा सेंटिमीटरवर १८० ग्रॅम. पण हा आकडा मोटर पूर्ण अडून जिथे हरते तिथला आहे. तेवढं ओझं तिने दिवसभर धरावं अशी अपेक्षा ठेवू नका. थोडा वेळ हलवायचं असेल तर निम्मं, सतत धरून ठेवायचं असेल तर एकतृतीयांशाच्या आत, हा माझा नियम. म्हणजे ०.६.

माझी पताका लाकडी काठीची आणि कापडाची होती. हातासकट वजन ६० ग्रॅम, आणि वजनाचा मध्य शाफ्टपासून १२ सेंटिमीटरवर. ६० गुणिले १२ म्हणजे ७२० ग्रॅम-सेंटिमीटर, ०.७२. हात आडवा असताना एवढं ओझं येतं, आणि माझ्या वारकऱ्याचा हात पुढे आडवाच होता. सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच कोनात, म्हणजे गिअरच्या त्याच दोन दातांवर तेच ओझं आणि वर सेकंदाला पन्नास धक्के. दुसरे कुठले दात तुटणार?

यावर धातूच्या गिअरची मोटर घ्या असा सल्ला सगळे देतात. दात वाचतील, खरं आहे. पण आतली मोटर त्याच ताकदीची, ती तशीच तापणार. आधी ओझं उतरवा.

यंदा आम्ही काठीच्या जागी हिराच्या झाडूची काडी आणि कापडाच्या जागी पतंगाचा कागद घेतला. भाचीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर हातासकट वजन केलं, २२ ग्रॅम. २२ गुणिले १२, म्हणजे ०.२६. मोटर जेमतेम कोमट होते. वजन कमी करणं जमण्यासारखं नसेल तर हाताला शाफ्टच्या मागे शेपटी काढून तिथे नटबोल्ट लावा: ६० ग्रॅम १२ सेंटिमीटरवर असेल तर मागे ६ सेंटिमीटरवर १२० ग्रॅम. एकमेकांना तोलतात. मात्र आता एकूण वजन तिप्पट झालं, म्हणून हात सावकाश हलवा, आणि त्याचा भार शाफ्टवर न टाकता वेगळ्या खिळ्यावर किंवा बिजागरीवर घ्या. सर्व्होने फक्त फिरवावं, उचलून धरणं दुसऱ्या कोणावर सोपवता आलं तर सोपवा.

थरथर झाली तर

थरथर कुठे आणि कधी होते ते आधी बघा. सगळ्या कोनांत होत असेल तर करंट अपुरा आहे किंवा ग्राउंडचा जंपर सैल आहे. एका विशिष्ट कोनातच होत असेल आणि बाकी ठीक असेल, तर पॉटचा तेवढा भाग झिजलाय. महिनोन् महिने एकाच जागी धरून ठेवलेल्या मोटरींना हा रोग होतो, कारण पॉटमधली पत्ती त्याच ठिकाणी पुढेमागे घासत राहते. अशी मोटर बदला.

देखाव्यात हमखास भेटणारा तिसरा प्रकार म्हणजे रंग बदलणाऱ्या एलईडी पट्टीचा. एकाच ऊनोवर पट्टी आणि सर्व्हो दोन्ही चालवलं की रंग बदलताना मोटर दचकते. या पट्टीतल्या प्रत्येक दिव्याला माहिती पाठवायला सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ पट्टीची लायब्ररी ऊनोची बाकी कामं थांबवून ठेवते. ६० दिवे म्हणजे १.८ मिलिसेकंद. नेमकी त्याच वेळी सर्व्होची पल्स संपायची असेल तर ती लांबते, आणि सर्व्हो त्या लांबलेल्या पल्सवर इमानदारीने विश्वास ठेवते. उपाय दोन: पट्टीला वेगळा बोर्ड द्या, किंवा सर्व्होसाठी पीसीए ९६८५ चं छोटं मॉड्यूल लावा. त्यात १६ मोटरींची सोय असते आणि पल्स ते स्वतः बनवतं, ऊनो काय करतोय याच्यावर अवलंबून राहत नाही. अकरापैकी चार-पाच वारकऱ्यांना टाळ वाजवायला लावायचे असतील तर तेच घ्या.

रात्री बंद करताना

आमचा क्रम आता ठरलेला आहे. शेजारती झाली की पताका सावकाश खाली आणायची, वारकऱ्याच्या पायाशी पुठ्ठ्याचा एक टेकू ठेवलाय त्यावर काडी टेकू द्यायची, मग डिटॅच आणि सेकंदभराने अडॅप्टर बंद. दिवसाही दर मिनिटाच्या फेरीत पताका वर दहा-बारा सेकंदच राहते, उरलेला वेळ त्याच टेकूवर विसावते आणि मोटर मोकळी असते. सकाळी सुरू करताना प्रोग्रॅमने पहिला हुकूम टेकूच्या जागेचाच द्यायला हवा. ॲटॅच, म्हणजे सिग्नल सुरू करायची आज्ञा, दिल्यावर लगेच दुसरं काही सांगितलं नाही तर लायब्ररी आपण होऊन १५०० पाठवते आणि हात झटक्यात वर उडतो. टेकूचा आमचा आकडा ११४० आहे. भाचीने तो दिवेघाटाच्या मागच्या बाजूला स्केचपेनने लिहून ठेवलाय.